घोड्याचा दम आणि तबेल्याची हवा

२७ मार्च १८९९ रोजी जर्मन साम्राज्याने जनावरांच्या खरेदी-विक्रीसंबंधी एक फर्मान काढले. कोणत्या जनावरात कोणते ‘मुख्य दोष’ निघाले तर विकणाऱ्याला जबाबदार धरायचे, याची त्यात यादी होती. घोड्याच्या वाट्याला सहा दोष आले : ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग, मेंदूच्या विकाराने येणारा जडपणा, घशातून शिट्टीसारखा आवाज येणे, डोळ्यांची पुन्हा पुन्हा उद्भवणारी सूज, गव्हाणीची कड दातांत धरून हवा गिळण्याची खोड, आणि ‘डेम्पफिगकाइट’. या शेवटच्या नावाची व्याख्याही फर्मानात दिली होती. फुफ्फुसांच्या किंवा हृदयाच्या जुनाट, असाध्य विकारामुळे श्वासाला होणारा त्रास, तो हा दोष. १४ दिवसांच्या आत तो उघडकीला आला तर घोडा विकणाऱ्याकडे परत जाई. १ जानेवारी १९०० पासून नव्या दिवाणी संहितेबरोबर ही यादी लागू झाली आणि २००१ हे वर्ष संपेपर्यंत जर्मनीत कायदा म्हणून टिकली.

या यादीत मला रस वाटतो तो ‘दोष’ या शब्दामुळे. कापडात दोष असतो, भांड्यात दोष असतो, तसा तो घोड्यात असतो असे कायदा म्हणत होता. आज पशुवैद्यक याच विकाराकडे पाहतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात तो घोडा काय खातो आणि कुठे उभा असतो, हा. शंभर वर्षांत प्रश्न घोड्याच्या छातीतून निघून तबेल्याच्या हवेत आला. हे कसे झाले आणि त्याला इतका काळ का लागला, हे मला इथे पाहायचे आहे.

आधी विकाराबद्दल. तो सहसा सात वर्षांच्या पुढच्या घोड्यांत दिसतो आणि वय वाढते तसा बळावतो. सुरुवातीला घोडा चंदी खाताना किंवा फेरी सुरू करताना दोन-चारदा खोकतो. पुढे उभ्या जागी त्याचा श्वास वाढतो. निरोगी घोडा विश्रांतीत मिनिटाला साधारण ८ ते १६ वेळा श्वास घेतो आणि तो तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. हवेला नाकाचीच वाट असते. आजारी घोड्याच्या नाकपुड्या उभ्या जागी फेंदारलेल्या दिसतात. श्वासनलिका आकसलेल्या, चिकट कफाने भरलेल्या. हवा आत जाते पण बाहेर पडत नाही. मग छाती एकदा आकसल्यावर उरलेली हवा ढकलायला पोटाचे स्नायू दुसऱ्यांदा आवळले जातात. महिनोन् महिने हे चालले की ते स्नायू जाड होतात आणि बरगड्यांच्या मागच्या कडेने एक तिरपी खाच उमटते. घोडा पारखणारी माणसे शतकानुशतके ही खाच शोधत आली आहेत.

नावे या खाचेइतकीच बोलकी आहेत. इंग्रजीत घोड्याचा ‘वारा मोडला’ म्हणत, किंवा कुशीच्या त्या उचंबळण्यावरून ‘हीव्ज’. फ्रेंचांचा शब्द ‘पूस’, म्हणजे ढकलणे. जर्मन शब्दात वाफ आहे. आपल्याकडे माणसालाही घोड्यालाही एकच शब्द पुरला, दमा. फारसीत दम म्हणजे श्वास. मराठीने त्यातून दमछाक, दमदार, बेदम असे शब्द घडवले, आणि ‘दम असणे’ म्हणजे अंगात ताकद असणे असाही अर्थ काढला. ज्याचा श्वास टिकतो त्याचे काम टिकते, हे घोड्यावर जगणाऱ्या समाजाला शिकवावे लागत नव्हते. ही सगळी नावे एका गोष्टीत सारखी आहेत. ती घोड्याचे शरीर काय करते ते सांगतात. त्याच्या नाकासमोर काय आहे त्याबद्दल एक अक्षर काढत नाहीत.

या शरीराच्या आत पहिल्यांदा नीट पाहिले ते इंग्लंडमधल्या लिचफील्डच्या सर जॉन फ्लॉयर या वैद्याने. डॉक्टर जॉन्सन तान्हे असताना गंडमाळेवर राणी ॲनचा स्पर्श घडवून आणा, असा सल्ला त्यांच्या आईला देणारे ते हेच फ्लॉयर. मिनिटभर चालणारे घड्याळ घेऊन नाडी मोजण्याची पद्धतही त्यांनी सुरू केली. त्यांना स्वतःला अनेक वर्षे दमा होता. १६९८ मध्ये त्यांनी दम्यावर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात वारा मोडलेल्या एका घोडीच्या शवविच्छेदनाची हकीकत दिली. फुफ्फुसांतल्या हवेच्या पिशव्या फुगलेल्या आणि फुगलेल्याच राहिलेल्या त्यांना दिसल्या. दमेकरी वैद्य आपल्या रोगाचे उत्तर घोडीच्या छातीत शोधत होता, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत माणुसकीचे पान वाटते. पण त्यातून पुढे वाट निघाली ती फुफ्फुसाकडे. फुगलेली पिशवी हाच रोग ठरला, आणि फुगलेली पिशवी पूर्ववत होत नाही म्हणून रोग असाध्य ठरला.

फ्रेंच कायद्यात हा बदल स्पष्ट दिसतो. २० मे १८३८ च्या कायद्याने घोड्याचे जे दोष विक्री रद्द करायला पुरेसे मानले त्यांत ‘पूस’ होता. दावा करायला मुदत ९ दिवसांची. २ ऑगस्ट १८८४ च्या कायद्याने ती यादी बदलली आणि ‘पूस’च्या जागी ‘फुफ्फुसाचा एम्फिसीमा’ हे शब्द घातले. लक्षणाचे नाव गेले आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरचे नाव आले. कायद्याला स्पष्टता हवी होती आणि ती मिळाली. पण घोडा विकत घेणाऱ्याला जिवंत कूस दिसत होती, फुफ्फुस दिसत नव्हते.

ज्या दोषाची किंमत ठरते तो दोष लपवण्याचा धंदाही उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत घोड्यांच्या दलालांच्या युक्त्या नोंदल्या आहेत. विक्रीच्या आधी चरबीत बंदुकीचे छर्रे मिसळून घोड्याला चारायचे. काही तास श्वास शांत दिसायचा. सोमलाचे डोस देऊन दम सुधारल्याचा भास निर्माण करणेही माहीत होते. त्याच पुस्तकांत दुसरे एक स्पष्टीकरण सारखे येते, की असे घोडे खादाड असतात. भुकेला घोडा पोट फुटेपर्यंत चारा खातो, भरलेले पोट फुफ्फुसावर दाबते आणि वारा मोडतो. मात्र उपायांच्या पानावर हीच पुस्तके सांगतात : सुके गवत कमी द्या, चांगल्या प्रतीचे द्या, ओले करून द्या, गाजरे द्या, जमले तर कुरणात सोडा. हा सल्ला आजही जवळजवळ जसाच्या तसा दिला जातो. त्याचे कारण मात्र घोड्याच्या पोटात शोधले जात होते. गवत ओले केले की घोड्याला बरे वाटते हे हातांना ठाऊक होते; धूळ बसते म्हणून बरे वाटते, असे सहसा म्हटले जात नव्हते.

आपल्याकडे घोड्याच्या पारखीची भाषा वेगळी होती. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या संस्कृत परंपरेत घोड्यांच्या रोगांचा विचार वात-पित्त-कफाच्या चौकटीत होतो. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावावरचे ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ १८८० च्या दशकात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने छापले. त्याच शालिहोत्राच्या नावावरून उत्तरेत घोड्याच्या वैद्याला ‘सलोतरी’ हा शब्द रूढ झाला आणि इंग्रजी फौजेनेही तो उचलला. रेख्तीसाठी प्रसिद्ध असलेला उर्दू कवी सआदत यार खान रंगीन याने काही काळ घोड्यांचा व्यापार केला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने एक ‘फरसनामा’ लिहिला. त्यात रोग आणि औषधे आहेत, पण आधी आहेत ते भोवरे. अंगावरच्या केसांचा कोणता भोवरा धन्याला लाभतो आणि कोणता घर बुडवतो, याचा तो तपशील देतो. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही घोडा पाहणारा माणूस देवमण कुठे आहे ते आधी पाहतो. युरोपचा कायदा श्वास पाहत होता, आपली परंपरा भोवरा. दोन्हीकडे पारख घोड्याच्या कातडीशी येऊन थांबत होती.

औषधाच्या बाबतीत मात्र भारताने जगाला एक गोष्ट दिली. मद्रासेकडे दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत होती. तिथे नोकरी केलेल्या जनरल जेंट या अधिकाऱ्याने १८०२ मध्ये ती ब्रिटनमध्ये नेली. पुढची दीडशे वर्षे युरोपातले दमेकरी धोतऱ्याच्या जातीच्या सिगारेटी ओढत राहिले. मार्सेल प्रूस्त त्यांतलाच एक. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि त्याची भावंडे असतात. ती आकसलेल्या श्वासनलिका सैल करतात, माणसाच्या आणि घोड्याच्याही. आजही पशुवैद्य धाप लागलेल्या घोड्याला ॲट्रोपिनचा किंवा त्याच्या जवळच्या औषधाचा एखादा डोस देऊन पाहतो. श्वास लगेच सुधारला तर नलिका आकसलेल्याच होत्या हे सिद्ध होते. पण ॲट्रोपिन घोड्याचे आतडे थांबवते आणि थांबलेले आतडे म्हणजे पोटशूळ, म्हणून ते रोजचे औषध होऊ शकत नाही. धोतऱ्याने एवढे दाखवून दिले, की रोग नुसत्या फुगलेल्या पिशवीचा नव्हता. जी नलिका तासाभरात सैल होते तिला कायमची मोडलेली कसे म्हणायचे?

उत्तर गवतात होते. इटलीतला बेर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवरचा आपला ग्रंथ छापला तेव्हा धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या माणसांच्या छातीबद्दल त्यात एक प्रकरण होते. धान्याच्या धुळीने त्यांची छाती जाते, हे त्याने लिहून ठेवले. १९३२ मध्ये इंग्लंडच्या वेस्टमोरलंड भागातल्या जे. एम. कॅम्पबेल या डॉक्टरने बुरसलेले गवत हाताळून आजारी पडलेल्या शेतमजुरांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या विकाराला ‘फार्मर्स लंग’ नाव पडले. १९६३ मध्ये जॅक पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचे जिवाणू ओळखले. ओलसर बांधलेले गवत गंजीत आतून तापते, त्या उष्णतेत हे जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि गंजी सोडली की त्यांचे बीजाणू हवेत उडतात. ते इतके बारीक असतात, की नाकात न अडकता फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. माणसाचा हा रोग आणि घोड्याचा दमा एकच नव्हेत. माणसात मुख्य हानी हवेच्या पिशव्यांची होते, घोड्यात लहान श्वासनलिकांची. पण दोघांसमोरचे गवत एकच होते. मजूर गंजी सोडून घरी जात असे. घोडा दिवसाचे बरेचसे तास त्याच गवतात नाक खुपसून उभा असे. पुढे घोड्याच्या नाकापाशी धूळ मोजली गेली तेव्हा ती तबेल्याच्या मधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त भरली.

यानंतर रोगाच्या नावांची पुन्हा उलथापालथ झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पशुवैद्यकांनी माणसांकडून ‘सीओपीडी’ हे नाव घेतले होते. जून २००० मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत जमलेल्या तज्ज्ञांनी ते सोडायचे ठरवले. माणसातला तो रोग बहुधा धूम्रपानातून येतो आणि त्यातला अडथळा फारसा मागे फिरत नाही. घोड्यात अडथळा येतो, जातो आणि धूळ आली की पुन्हा येतो. म्हणून ‘पुन्हा पुन्हा येणारा श्वासमार्गाचा अडथळा’ असे लांब नाव सुचवले गेले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या निवेदनाने त्याला घोड्याचा तीव्र दमा म्हणावे असे सुचवले. मराठी माणसाला यात नवे काही वाटणार नाही, पण फरक मोठा आहे. ‘असाध्य’ हा शब्द व्याख्येतून गेला आणि त्याच्या जागी हवेतले कारण आले.

सुके गवत साठवणे आपल्याकडच्या घोडदळालाही चुकले नव्हते. मराठ्यांची फौज मोहिमेवर असली की घोडे उघड्यावर असत आणि चारा मुलखातून येई. ‘घासदाणा’ नावाची वसुलीच त्यासाठी होती. पावसाळ्यात मात्र छावणी पडे आणि पागा साठ्यावर जगे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातल्या लष्कराला पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका म्हणून ते आपण वाचतो. पण त्यात पागेच्या व्यवस्थेचा बारीक विचारही आहे. दाणा आणि गवत आताच उधळले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. चुली, तंबाखूची आग, रात्रीचे दिवे सांभाळा, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील. राज्यकर्त्याला गवताच्या दोन भीती होत्या, ते संपण्याची आणि ते पेटण्याची. तिसरी भीती, की तेच गवत घोड्याच्या छातीत शिरेल, जगात कुठल्याच दरबाराच्या कागदात मला भेटलेली नाही.

आज म्हाताऱ्या, दमेकरी घोड्याला सांभाळायचे म्हणजे काय करायचे, हे पुष्कळसे ठरलेले आहे. शक्य असेल तर त्याला रात्रंदिवस बाहेर ठेवायचे. सुके गवत द्यावेच लागले तर ते पाण्यात पूर्ण बुडवून, नुसते वर शिंपडून नव्हे, अर्धा तास ठेवायचे आणि ओले असतानाच खाऊ घालायचे. तासन् तास भिजवले तर त्यातले सत्त्व निघून जाते आणि उन्हाळ्यात ते पाणीच आंबते. वाफवलेले गवत, अर्धवट सुकवून हवाबंद गुंडाळलेला चारा किंवा दाबून केलेल्या गोळ्या हे आणखी पर्याय. खाली पेंढा नको. धूळ काढलेले लाकडाचे छिलके चालतात. चारा उंच टांगण्यापेक्षा जमिनीवर ठेवला तर मान खाली जाते आणि कफ वाहून यायला मदत होते. झाडलोट करायची ती घोडा बाहेर असताना. शेजारच्या खणात कोरडे गवत उलगडले तरी सगळे व्यर्थ जाऊ शकते. स्टेरॉइड आणि श्वासनलिका सैल करणारी औषधे आहेत, घोड्याच्या नाकाला लावायची श्वसनयंत्रेही आहेत. पण हवा तीच ठेवून औषध दिले तर औषध थांबताच त्रास परत येतो, आणि दीर्घ काळ स्टेरॉइड दिले तर खुरांना सूज येण्याचा धोका सांगितला जातो. हवा बदलली तर बहुतेक घोड्यांत काही दिवसांत ते काही आठवड्यांत फरक दिसतो. घोडा पूर्ण बरा होत नाही. बुरसलेली एक पेंढी त्याला काही तासांत पुन्हा धापा टाकायला लावते.

सगळा दोष तबेल्याच्या माथी मारून हा हिशेब मिटतो, असेही नाही. स्वित्झर्लंडमध्ये घोड्यांच्या घराण्यांचा अभ्यास झाला तेव्हा आई किंवा बाप दमेकरी असलेल्या शिंगरांना धोका जास्त असल्याचे दिसले. म्हणजे घोड्याचे रक्तही त्यात आहे. आणि अमेरिकेच्या दक्षिणेला, लुइझियाना-फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट भागात काही घोड्यांना उन्हाळ्यात कुरणातच धाप लागते आणि तबेल्यात आणले की बरे वाटते. त्यामुळे ‘बाहेर सोडा’ हा सल्लाही डोळे मिटून देता येत नाही. कोकणातल्या किंवा बंगालमधल्या दमट महिन्यांत घोडा ठेवणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे. प्रत्येक घोड्याबाबत कोणती हवा त्याला मानवत नाही, ते त्याच्यासमोर उभे राहून शोधावे लागते.

हे शोधणारा माणूस इतिहासात फारसा सापडत नाही. घोड्यांची नावे उरली, स्वारांची उरली, दलालांच्या लबाड्या उरल्या आणि कायद्याच्या याद्या उरल्या. पहाटे तोबरा भरणारा, खरारा करताना कुशीची हालचाल पाहणारा मोतद्दार उरला नाही. विक्रीच्या कायद्याला १४ दिवस पुरत होते, कारण त्याला घोडा परत करायचा की ठेवायचा एवढेच ठरवायचे होते. वीस वर्षांच्या घोड्याला बहुधा गिऱ्हाईकच नसते. त्याच्याबाबतीत दोष कुणाचा हा वाद आपोआप संपतो आणि उरते ते रोजचे काम : गवत भिजवणे, पाणी निथळू देणे, घोडा बाहेर नेल्यावरच झाडू हातात घेणे. ते काम कोण करणार, त्याला त्याचे किती पैसे मिळणार आणि तो किती वर्षे ते करत राहील, यावर त्या घोड्याचा श्वास अवलंबून असतो.